गाडीतळावरचा शेंदूर

खोपट वस्तीहून गावात शिरताना जो गाडीतळ लागतो, त्याच्यावरून रोज शंभर-दीडशे बैलगाड्या जातात आणि एकही रुतत नाही. गाडीवान तिथं बैल सोडतात, चिलीम ओढतात, भांडतात, गाडीखाली ताणून देतात. हा तळ कुणी बांधला म्हणून विचारलं तर सांगतील, सरकारनं. सरकारनं कसला बांधतोय! सरकारनं, म्हणजे आमच्या कचेरीनं, त्यासाठी पाटीभर मुरूमसुद्धा दिला नव्हता. नकाराचा तो कागद माझ्याच हातचा आहे, म्हणून एवढं ठामपणे सांगतो.

तळ बांधला विश्रामनं. विश्राम म्हणजे तळाच्या तोंडाशी जो नाका आहे तिथला शिपाई. उंच, काळासावळा, खांद्यात जरा वाकलेला. बोलताना समोरच्याच्या पायांकडे बघायची खोड. मूळचा कोकणातला, पण बापाच्या वेळेपासून घर खोपटात. मी त्र्यंबक, त्याच कचेरीतला कारकून. त्याला अक्षर येत नव्हतं, म्हणून त्याची पत्रं मीच वाचायचो आणि मीच लिहायचो. पत्रं तरी कुणाची? कल्याणला दिलेल्या त्याच्या एकुलत्या लेकीची, रतनची.

आधी तो तळ कसा होता ते आताच्या पोरांना सांगून पटायचं नाही. बाळकूम, माजिवड्याकडच्या गाड्या गवत, भात, मीठ भरून यायच्या त्या इथंच उभ्या राहायच्या. जागा सखल. पाठीमागून खाडीचा नाला. दर अमावास्येला नि पुनवेला भरदुपारी उधाणाचं पाणी त्या नाल्यातून उलटं वर चढायचं आणि तळभर पसरायचं. पाणी ओसरायचं, चिखल राहायचा, आणि तो वाळतोय न वाळतोय तोच पुढचं उधाण. त्या चिखलात गाड्या मनाला येईल तशा उभ्या, कुणाचं जू कुणाच्या चाकात. आणि गावात जायची वाट नेमकी त्यांच्यामधून. दोन्ही अंगांना भाताची खाचरं, दुसरा रस्ता नाही.

याच चिखलात विश्रामची बायको गेली. कलावती तिचं नाव. रतन तेव्हा सहा वर्षांची होती आणि कलावतीचं हे दुसरं बाळंतपण. सुईणीनं हात टेकले तेव्हा गावातल्या दवाखान्यात न्यायला म्हणून तिला गाडीत घातली. पुनवेची दुपार होती. तळाच्या बरोबर मध्यावर चाक तुंब्यापर्यंत, म्हणजे आसाच्या मधल्या लाकडापर्यंत रुतलं. पुढं गाड्या, मागं गाड्या, वळायला जागा नाही. चाळीसभर माणसं चिखलात उतरून चाकाला खांदा देत होती. दोन तास लागले. चाक निघालं तेव्हा आत कलावती नव्हती, नुसतं कलावतीचं शरीर होतं. तिथून दवाखान्याची कौलं दिसतात.

विश्रामची नोकरी त्याच जागेसमोर. दहा वर्षं तो रोज सकाळी नाक्याची साखळी उघडायचा आणि समोर ती जागा बघायचा. कधी काही बोलला नाही. मीही कधी विचारलं नाही. शिपायाला असलं कोण विचारतं?

शके अठराशे पाचच्या भाद्रपदात कल्याणहून कार्ड आलं. रतनला दिवस गेले होते, तिसरा महिना सरत आला होता. पहिलं बाळंतपण रिवाजाप्रमाणे माहेरी व्हायचं, सातव्यात पाठवून देऊ, असं तिच्या सासऱ्यानं लिहवलं होतं. मी वाचून दाखवलं आणि म्हटलं, "वा विश्राम, आजोबा होणार की रे तू!"

तो हसला नाही. माझ्या पायांकडे बघत त्यानं विचारलं, "दिवस कधी भरतात, रावसाहेब?"

मी बोटं मोजली. "फाल्गुनाच्या अखेरीला. पाडव्याच्या आगंमागं."

"म्हणजे अमावास्या," तो म्हणाला. एवढंच. मला तेव्हा त्याचा अर्थसुद्धा कळला नाही.

दुसऱ्या दिवशी तो अर्ज लिहवायला आला. तळावर फरसबंदी करून मिळावी. मी लिहिला, साहेबांपुढं ठेवला. आठ दिवसांनी उत्तर तयार झालं: या कामी मंजुरी नाही, मात्र कुणी आपल्या खर्चानं, रहदारीस अडथळा न करता, काही करीत असल्यास कचेरीची हरकत नाही. हे वाक्य माझंच. नकार जरा गोड करावा म्हणून शेपटी जोडली होती. विश्रामनं पुढचं काही ऐकलंच नाही. "हरकत नाही म्हणालेत ना?" त्यानं दोनदा विचारून घेतलं आणि कागदाची घडी करून मुंडाशात खोचली.

नवा दगड विकत घ्यायची त्याची ऐपत नव्हती. पण गावात टाकून दिलेला दगड किती असतो, हे मला विश्राममुळे कळलं. स्टेशनकडच्या रस्त्याची जुनी फरसबंदी उखडून खडी टाकायचं काम तेव्हा चाललं होतं; उखडलेले दगड कडेला पडलेले. फिरंग्यांच्या काळातली एक पडकी भिंत होती, तिचे घडीव चिरे गवतात लोळत होते. बुजवलेल्या विहिरीचा काठ, मोडक्या घरांची जोती, घाण्याच्या बुडाचा दगड. सगळीकडे फिरून त्यानं मालकांची परवानगी मिळवली. मग नाक्यावर नियम काढला: गावातून रिकामी परतणारी प्रत्येक गाडी एक फेरा त्या दगडांकडून मारील आणि एक दगड तळावर टाकून जाईल. नाही टाकला तर साखळीला कुलूप, आणि विश्रामला किल्ली सापडायला तासभर लागायचा. गाडीवानांनी आधी शिव्या घातल्या, मग दगड घातले.

काम शिकवायला त्यानं दगडू बेलदाराला गाठलं. दगडू म्हातारा, गुडघे धरलेले, पण हात उत्तम. विश्रामची थोरली विधवा बहीण ठमाबाई त्याचं घर सांभाळायची, तिच्या हातची दोन वेळची भाकरी हीच दगडूची मजुरी. आधी हातभर चिखल उपसायचा. मग कुंभारवाड्यातले कौलांचे तुकडे, खाडीचे शिंपले आणि स्टेशनातून फुकट मिळणारी इंजिनाची जळकी राख घालून धुमुसाच्या जड ठोकळ्यानं ठोकायचं. त्याच्यावर रेती, रेतीत दगड, सपाट अंग वर, आणि फटीत दगडाच्या चिपा ठोकून एक दगड दुसऱ्याला असा आवळायचा की पहार घातल्याशिवाय हलू नये. दोन्ही कडांना गाड्या उभ्या राहायच्या रांगा, मधून एक गाडी जाईल एवढी मोकळी वाट. उतार सगळा मधल्या वाटेकडे आणि वाटेतून नाल्याकडे. दगडूनं हे मला काठीनं जमिनीवर काढून दाखवलं होतं. ड्यूटी संपली की विश्राम अंगरखा काढून चिखलात उतरायचा.

गोळा झालेल्या दगडांचा ढीग त्यानं तळाच्या बरोबर मध्यावर घातला होता, जिथं कलावतीची गाडी रुतली होती तिथंच. चिखल दाबला जाईल, म्हणायचा.

मार्गशीर्षात तो कचेरीत आला तो अगदी रडकुंडीला येऊन. "रावसाहेब, काल अकरा दगड गेले. परवा सात. कोण चुलीला नेतंय, कोण धुण्याला नेतंय. मी दिवसा नाक्यावर, किती राखण करू? अशानं फाल्गुनापर्यंत काय होणार?"

आता माझी एक गोष्ट सांगायला हवी. मला तेव्हा सुधारणेचं वेड लागलं होतं. पुण्याहून येणारं वर्तमानपत्र मी कचेरीत मोठ्यानं वाचायचो. धोंड्याला देव म्हणून नमस्कार करणाऱ्यांची टिंगल करणं हा माझा आवडता उद्योग. घरी मात्र संध्या चुकवत नव्हतो, कारण घरी वडील होते. असा मी शूर.

मी म्हटलं, "अरे, राखणीला माणूस कशाला? देव ठेव! शेंदूर घे, तेलात कालव आणि ढिगावरच्या एका दगडाला फास. मग बघू कोण हात लावतो ते."

सगळी कचेरी हसली. विश्राम तेवढा हसला नाही. "खोटा देव बसवायचा, रावसाहेब?"

"खरा कसा असतो तेवढं मला दाखव, मग खोट्याचं बोलू."

हे उत्तर मला इतकं आवडलं की त्या संध्याकाळी मी ते आणखी तिघांना ऐकवलं.

विश्रामनं दोन दिवस काढले आणि तिसऱ्या दिवशी शेंदूर फासला. पडक्या भिंतीतला एक चिरा होता, वरून गोलसर, त्याला. चोऱ्या त्या दिवसापासून बंद! मी खूश. मूर्खांना त्यांच्याच मूर्खपणानं आवरलं, असं मला वाटलं. आठ दिवसांनी दगडावर जास्वंदीचं फूल दिसलं. मग नारळाची करवंटी. मग कुणा गाडीवानाचा आजारी बैल उठून उभा राहिला, आणि म्हसोबा असं नावही पडलं. दौलत नावाचा एक तरुण गाडीवान होता, मनानं फार चांगला, त्यानं स्वतःच्या बैलाच्या गळ्यातली घंटा सोडून तिथं बांबू रोवून त्याला टांगली. ढिगातले बाकीचे दगड फरसबंदीला लागत गेले, ढीग खाली खाली येत गेला, आणि शेवटी वाटेच्या मधोमध म्हसोबा एकटाच मातीवर बसून राहिला.

एके दिवशी जेवायला बसलो तर ताटात खोबऱ्याचा तुकडा. आमचं कुटुंब म्हणालं, "तळावरच्या म्हसोबाला नारळ वाढवून आले." मी मुकाट्यानं तो तुकडा खाल्ला. घरात कटकट नको, दुसरं काय!

पौष संपता संपता रतन आली. कल्याणहून आगगाडीनं आली आणि स्टेशनातून दौलतनं तिला बैलगाडीत घेतलं. मी तेव्हा नाक्यावरच होतो. तळाच्या कडेला पोचताच तिनं गाडी थांबवायला लावली आणि पोट सावरत खाली उतरली. सोळा-सतरा वर्षांची पोर, तोंडावळा आईचा. दोन्ही कडांची फरसबंदी होत आली होती. ती त्या दगडांवरून अनवाणी चालत गेली, पाय घासून बघत गेली.

"बा, हे तू केलंस?"

"दगडूकाकानं केलं. मी दगड वाहिले."

"आई इथंच..."

"व्हय," विश्राम म्हणाला. "म्हणून तर."

मग तिला मधला म्हसोबा दिसला. तिनं पदर घेऊन नमस्कार केला आणि विचारलं, "हा कधी बसला रे?" विश्रामनं माझ्याकडे पाहिलं, मी दुसरीकडे पाहिलं. त्या पोरीच्या चेहऱ्यावरचा आनंद मला अजून आठवतो. आपल्या बापानं आपल्यासाठी रस्ता बांधलाय, असा अभिमान किती लेकींच्या वाट्याला येतो?

माघात बाकीचं काम पुरं झालं आणि दगडू मधल्या तुकड्यापाशी येऊन थांबला. म्हसोबाभोवती दहा हातांचं रिंगण तेवढं उरलं होतं. विश्राम म्हणाला, दगड काढू, कडेला ठेवू, वाट जोडून टाकू.

"हा सोडून बाकी काय ते सांग," दगडू म्हणाला.

"अरे, हा मीच आणलाय. भिंतीतला चिरा हाय. शेंदूर मीच फासलाय."

"तू फासलास. पण फासायची बुद्धी तुला कुणी घातली?"

"रावसाहेबांनी."

दगडू हसायला लागला. "रावसाहेब बामण माणूस. ते देवाची चेष्टा कशाला करतील? त्यांच्या तोंडून देवच बोलला असणार."

गाडीवान तर ऐकूनच घेईनात. धुमुस मारायलाही मनाई, देवाला हादरे बसतात म्हणे. विश्राम धावत माझ्याकडे आला. "तुम्ही एकदा तळावर चला. त्यांच्यादेखत सांगा की ती तुमची गंमत होती. माझं नाही ऐकत, तुमचं ऐकतील."

मी म्हटलं, "येतो उद्या."

त्या उद्याला सव्वा महिना झाला. कधी कचेरीत काम होतं, कधी डोकं दुखत होतं. खरं सांगायचं तर मी भ्यालो होतो. साहेबांच्या मातोश्री पालखीतून येऊन तिथं नारळ वाढवून गेल्या होत्या. माझ्या वडिलांच्या कानावर गेलं असतं. वर्तमानपत्र वाचणं वेगळं आणि तापलेल्या पन्नास गाडीवानांपुढं उभं राहून 'हा देव म्हणजे माझा विनोद' असं सांगणं वेगळं. विश्राम रोज यायचा, दारात उभा राहायचा, माझ्या पायांकडे बघायचा आणि जायचा. पुढं पुढं त्यानं तोंडानं विचारणंही सोडलं.

इकडे त्या रिंगणाचं काय झालं ते दगडूनं आधीच सांगितलं होतं. सगळ्या तळाचा उतार मधल्या वाटेकडे. वाट मध्येच तुटलेली. त्यामुळे सगळ्या तळाचं पाणी गोळा होऊन म्हसोबाच्या पायाशी थांबायला लागलं. त्यात भक्तांचं पाणी, तेल, दूध. बाकी तळ कोरडा ठणठणीत आणि मधोमध पूर्वीपेक्षा खोल दलदल. गाडीवान बैल हळूच वळवून कडेकडेनं काढायचे, उभ्या गाड्या बाजूला सरकवायचे, चालून जायचं. घाई असलेल्या माणसाचं काय, हा विचार एकट्या विश्रामच्या डोक्यात होता. तो पाट्या भरभरून राख त्या रिंगणात टाकायचा, ठोकल्यावाचून ती बसत नव्हती.

फाल्गुनी अमावास्या आली. उद्या पाडवा. गुढीचे बांबू, साखरेच्या गाठ्या, आंब्याचे डहाळे घेऊन आलेल्या गाड्यांनी दोन्ही रांगा गच्च भरल्या होत्या. अमावास्येचा नारळ म्हणून म्हसोबापुढं माणसांची दाटी. दुपार झाली आणि नाल्यातून उधाण चढलं.

मी कचेरीत होतो. कुणीतरी ओरडलं, "विश्रामच्या लेकीची गाडी अडकली!" मी पळत सुटलो. पहाटेपासून कळा येत होत्या, आणि सुईणीनं दुपारी हात टेकले होते. सगळं तसंच, दहा वर्षांपूर्वीचं. दौलतनं गाडी कशीबशी म्हसोबाच्या डाव्या अंगानं काढायला बघितली, आणि त्याच्याकडचं चाक फरसबंदीच्या काठावरून त्या रिंगणात घसरलं. तुंब्यापर्यंत. बैल दगडावर उभे, चाक चिखलात. ओढलं की बैलांचे खूर ओल्या दगडावरून निसटत होते. गाडीत ठमाबाई रतनला धरून बसली होती. रतन ओरडतही नव्हती. नुसती "बा, बा" म्हणत होती, तेही हळू.

विश्राम चिखलात उतरून चाकाला खांदा देत होता. चाक उचललं की खाली घसरत होतं. "दगड द्या रे! चाकाखाली घालायला एक दगड द्या!" तो ओरडला. माणसं इकडे तिकडे धावली. पण दगडूनं काम इतकं चोख केलं होतं की पहारीवाचून एक दगड हलेना, आणि पहार आणायला खोपटात जायला हवं होतं. कुणी बांबू घातला, तो काडकन मोडला. अख्ख्या तळावर सुटा दगड एकच होता.

विश्रामनं तो पाहिला. सगळ्यांनीच पाहिला.

तेव्हा विश्रामनं माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच, पायांकडे नाही, डोळ्यांत. मी गर्दीत धोतराचा सोगा वर धरून उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. 'उचल रे, तो दगड आहे, मी सांगतो.' एवढंच. माझं तोंड उघडलं होतं, मला नक्की आठवतं. माझ्या शेजारी साहेबांचा पट्टेवाला हातात नारळ घेऊन उभा होता. माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही.

विश्राम वाकला. दोन्ही हातांनी त्यानं म्हसोबाला मिठी घातली, उपटला आणि चाकाखाली सारला. दौलत कासरा टाकून खाली उडी मारून बाजूला झाला. रडत होता बिचारा. "दादा, देवावरून चाक मी न्हाई नेणार!" मग विश्रामनंच कासरा धरला, बैलांना हाक दिली. चाक दगडावर चढलं, कुरकुरलं आणि वर आलं. गाडी निघाली. चाकाला लागलेला शेंदूर फेऱ्याफेऱ्याला फरसबंदीवर उमटत गेला, लाल, लाल, थेट तळाच्या टोकापर्यंत. कुणी वाट अडवली नाही. बायकांनी तेवढे डोळ्यांवर हात घेतले.

रतन वाचली. मूल मेलेलं जन्मलं. मुलगा होता.

मी त्या संध्याकाळी डॉक्टरांना जाऊन भेटलो. ते स्पष्ट म्हणाले, मूल आदल्या दिवशीच पोटात दगावलं होतं. गाडीला उशीर झाल्याचा त्याच्याशी संबंध नाही. मात्र आणखी अर्धा तास गेला असता तर आईही हाती लागली नसती. मी तसाच विश्रामकडे धावलो. दवाखान्याच्या पायरीवर बसला होता, तळहात अजून शेंदरी. मी त्याच्यासमोर उभा राहून भडाभडा सगळं सांगितलं. "मूल आधीच गेलेलं होतं रे. तुझ्या दगडानं लेक वाचली. आणि तो देव नव्हता, ती माझी गंमत होती, तुला माहीत आहे, तुझ्या हातानं फासलायस तू!" कुणी ऐकत नव्हतं, म्हणून हे मला बोलता आलं.

त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "गंमत तुमची व्हती, रावसाहेब. पण देवाला ते कुठं ठावं?"

मी तिथून निघून आलो.

गाडीवानांनी म्हसोबाला चिखलातून काढलं, दुधानं धुतलं आणि तळाच्या टोकाशी, वाटेच्या कडेला, पिंपळाखाली बसवलं. जागा मोकळी झाली तसा दगडू आला आणि त्यानं चार दिवसांत ते रिंगण भरून वाट जोडून टाकली. जे माघात व्हायला हवं होतं ते चैत्रात झालं. उतार बरोबर लागला. त्यानंतर कितीही मोठं उधाण येवो, घटकाभरात पाणी नाल्यात परत जातं. गाडीवानांनी विश्रामला वाळीत टाकलं नाही की शिव्या घातल्या नाहीत. त्यांच्या मते देवानं त्याला शिक्षा केली होती आणि प्रकरण मिटलं होतं. त्याचंही मत तेच. रोज सकाळी साखळी उघडायच्या आधी तो पिंपळाखाली जाऊन तांब्याभर पाणी घालायचा आणि बराच वेळ खाली मान घालून उभा राहायचा. ज्या माणसानं आपल्या हातानं तेल-शेंदूर कालवला, तो! मला त्याचा राग यायचा. खरं म्हणजे स्वतःचाच यायचा, पण तो काढायला विश्राम सोयीचा होता.

दोन वर्षांनी कल्याणहून कार्ड आलं. रतनला पुन्हा दिवस गेले होते. या खेपेला माहेरी यायचा रिवाज नव्हता, पण मागच्या वेळची आठवण असूनही पोरीनं स्वतः हट्ट धरला होता की बाळंतपणाला मी बाच्याकडंच जाणार. मी वाचून दाखवलं. विश्रामनं कोरं कार्ड माझ्यापुढं ठेवलं.

"लिहा. रतनला आशीर्वाद. इकडे येऊ नये. बाळंतपण तिकडंच करावं. नंतरही मुलाला घेऊन इकडे येऊ नये."

मी टाक खाली ठेवला. "अरे, वेडा आहेस का? तळ आता पक्का आहे. वाट मोकळी आहे. तू हे सगळं कुणासाठी बांधलंस?"

"तळ पक्का हाय," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या लेकी जाऊ देत की खुशाल. पण तिथं कडेला तो बसलाय, रावसाहेब. तो मला वळखतो."

मी टाक उचलला. तेव्हा माझ्या मनात आलं, ते कबूल करतो. 'येऊ नये'च्या जागी 'यावे' लिहिलं असतं तर याला कुठं कळणार होतं? रतन आली असती, गाडी दगडांवरून खडखडत गेली असती, सगळं नीट झालं असतं, आणि याचं भूत उतरलं असतं. सोपी युक्ती होती. पण याच माणसावर मी एक युक्ती आधी करून बसलो होतो. मी त्यानं सांगितलं तसंच, अक्षर न अक्षर, लिहिलं. लिहून झाल्यावर त्यानं वाचून दाखवायलासुद्धा सांगितलं नाही, इतका त्याचा माझ्यावर भरवसा.

कार्ड घेऊन तो गेला. मी खिडकीशी उभा होतो. तळ ओलांडून तो पिंपळाखाली थांबला, कार्ड म्हसोबाच्या पायाशी ठेवलं, हात जोडले, मग ते उचलून पोस्टाच्या वाटेला लागला. हाक मारली असती तर ऐकू गेली असती एवढंच अंतर होतं. मी तेव्हाही काही बोललो नाही.